वनस्पतींमधील शर्करेचे विघटन

वनस्पतींमधील शर्करेचे विघटन ही प्रत्येक जिवंत वनस्पतिपेशीत अखंड चालणारी जैवरासायनिक प्रक्रिया आहे. प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या शर्करेचे विकरांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने लहान रेणूंत रूपांतर होते. त्यातून पेशीला ऊर्जा मिळते आणि नवे घटक बांधण्यासाठी कच्चा मालही मिळतो. ग्लायकोलिसिस, पेंटोज फॉस्फेट मार्ग, क्रेब्ज चक्र आणि किण्वन हे या विघटनाचे प्रमुख मार्ग होत. ऊतीचा प्रकार, तिचे वय आणि ऑक्सिजनची उपलब्धता यांनुसार त्यांचा परस्परांतील वाटा बदलतो.

आरंभीचे पदार्थ

प्राण्यांच्या पेशींत विघटनाचा आरंभ प्रामुख्याने ग्लुकोजपासून होतो. वनस्पतींत मात्र पानांकडून मुळे, खोड व फळे यांच्याकडे वाहून नेली जाणारी मुख्य शर्करा सुक्रोज ही असते. इन्व्हर्टेज व सुक्रोज सिंथेज ही दोन विकरे सुक्रोजचे दोन भाग करतात. बिया, कंद आणि पानांतील हरितलवके यांत साठलेला स्टार्च हाही शर्करेचा मोठा स्रोत आहे.

ग्लायकोलिसिस

या मार्गात सहा कार्बन अणूंच्या शर्करेपासून तीन कार्बनी पायरुव्हेटचे दोन रेणू तयार होतात. त्यासाठी ऑक्सिजन लागत नाही. वनस्पतींत ही प्रक्रिया पेशीद्रवात चालते व तिच्यातील अनेक पायऱ्या लवकांतही आढळतात. एका पायरीवर एटीपीऐवजी पायरोफॉस्फेट वापरणारे विकर वनस्पतींजवळ असते. त्यामुळे एटीपीची टंचाई असताना पेशीला काटकसर करता येते.

पेंटोज फॉस्फेट मार्ग

या मार्गात ग्लुकोज-६-फॉस्फेटचे ऑक्सिडीभवन होते, त्याचा पहिला कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो आणि पाच कार्बनी शर्करा उरते. एटीपी निर्माण करणे हे या मार्गाचे मुख्य काम नाही. त्यातून मिळणारे एनएडीपीएच मेदाम्लांच्या निर्मितीला आणि मुळांच्या लवकांतील नायट्राइटच्या क्षपणाला उपयोगी पडते. रायबोज-५-फॉस्फेट न्यूक्लिक आम्लांसाठी, तर एरिथ्रोज-४-फॉस्फेट लिग्निनसारख्या पदार्थांच्या घडणीसाठी लागते.

क्रेब्ज चक्र व इलेक्ट्रॉन वहन

ऑक्सिजन उपलब्ध असल्यास पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरते आणि क्रेब्ज चक्रात त्याचे पूर्ण ऑक्सिडीभवन होते. हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र १९३७ मध्ये मांडले. जुन्या पाठ्यपुस्तकांत ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३६ किंवा ३८ एटीपी मिळतात असे दिलेले असते. आता हा आकडा सुमारे ३० ते ३२ मानला जातो.

वनस्पतींच्या तंतुकणिकांत पर्यायी ऑक्सिडेज नावाचे आणखी एक विकर असते. सायनाइडमुळे नेहमीचा मार्ग बंद पडला तरी हे विकर श्वसन चालू ठेवते. मात्र त्यातून एटीपी कमी मिळते व उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. सुरणाच्या कुळातील काही वनस्पतींचे फुलोरे याच कारणाने तापतात. त्या उष्णतेमुळे फुलोऱ्याचा उग्र वास पसरतो व परागणासाठी कीटक आकर्षित होतात.

मार्गांचा वाटा मोजण्याची पद्धत

एखाद्या ऊतीत कोणता मार्ग किती प्रमाणात चालतो हे शोधण्यासाठी किरणोत्सारी कार्बन-१४ वापरतात. ऊतीच्या एका भागाला पहिला कार्बन चिन्हांकित केलेले ग्लुकोज देतात आणि दुसऱ्या भागाला सहावा कार्बन चिन्हांकित केलेले. ग्लायकोलिसिसमध्ये हे दोन्ही कार्बन पायरुव्हेटमधील एकाच स्थानी येतात. त्यामुळे केवळ हाच मार्ग व क्रेब्ज चक्र चालू असेल, तर दोन्ही भागांतून चिन्हांकित कार्बन डायऑक्साइड सारख्याच प्रमाणात बाहेर पडतो. पेंटोज फॉस्फेट मार्गात मात्र पहिला कार्बन आधी निघून जातो. म्हणून सहाव्या व पहिल्या कार्बनचे गुणोत्तर १ पेक्षा जितके कमी, तितका या मार्गाचा सहभाग अधिक समजतात.

मार्टिन गिब्ज व हॅरी बीव्हर्स यांनी १९५५ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या वनस्पती-ऊतींवर असे प्रयोग केले. कोवळ्या, वाढत्या ऊतींत गुणोत्तर १ च्या जवळपास असते आणि ऊती जून होऊ लागली की ते घटते, असे त्यांना आढळले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. पेशीभित्तीतील पाच कार्बनी शर्करा तयार होताना सहावा कार्बन वेगळ्या वाटेने बाहेर पडतो. शिवाय तीन कार्बनी रेणूंपासून पुन्हा सहा कार्बनी शर्करा बनू शकते. त्यामुळे हे गुणोत्तर बदलाची दिशा दाखवते. प्रत्येक मार्गाची नेमकी टक्केवारी त्यावरून काढता येत नाही.

ऑक्सिजनच्या अभावातील विघटन

शेतात पाणी साचले की मातीतील हवा निघून जाते आणि मुळांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. अशा वेळी क्रेब्ज चक्र जवळजवळ थांबते व पायरुव्हेटचे किण्वन सुरू होते. मक्याच्या मुळांच्या टोकांत प्रथम लॅक्टिक आम्ल तयार होते. पेशीद्रवाची आम्लता वाढताच दुसरे विकर कार्यरत होऊन इथेनॉल बनू लागते. ही अदलाबदल वेळेवर झाली नाही, तर वाढत्या आम्लतेने पेशी मरते. किण्वनातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे केवळ २ एटीपी मिळतात. म्हणून तेवढ्याच ऊर्जेसाठी कितीतरी अधिक शर्करा खर्ची पडते. पाणी साचलेल्या शेतातील पीक पाण्यात उभे असूनही कोमेजते, कारण ऊर्जेअभावी मुळांचे जलशोषण मंदावते.

शेती व साठवणीतील महत्त्व

भाताच्या काही वाणांतील सब१ए हे जनुक झाड पाण्याखाली गेल्यावर त्याची वाढ रोखते. शर्करा शिल्लक राहते आणि पाणी ओसरल्यावर झाड पुन्हा फुटते. २००६ मध्ये या जनुकाची ओळख पटली. ओडिशातील एका पारंपरिक भातापासून निवडलेल्या एफआर१३ए या वाणातून ते घेण्यात आले. त्यापासून तयार केलेला स्वर्णा-सब१ हा वाण भारतात २००९ मध्ये लागवडीसाठी आला. तो सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरू शकतो.

साठवणीतही हीच प्रक्रिया निर्णायक ठरते. धान्य ओले असल्यास त्याचे श्वसन वेगाने होते, रास तापते आणि बुरशी वाढते. धान्य नीट वाळवून साठवल्यास हे विघटन मंदावते, दाण्यांतील अन्नसाठा टिकतो आणि बियाण्याची उगवणशक्तीही शाबूत राहते.