प्रॉक्सी सर्व्हरमधील मेमरी लीक

कामासाठी घेतलेली मेमरी काम संपल्यावरही प्रोग्रॅमने मोकळी न करणे, या दोषाला मेमरी लीक (मेमरीची गळती) म्हणतात. वापरकर्ते आणि इंटरनेट यांच्यामध्ये राहून विनंत्या पुढे पाठवणारा प्रॉक्सी सर्व्हर महिनोन्‌महिने अखंड चालतो. दर विनंतीमागे 100 बाइट अडकून राहिले, तर 10 लाख विनंत्यांत सुमारे 100 एमबी जातात. मेमरी पुरती संपली की लिनक्सचा कर्नल बहुधा प्रॉक्सीचीच प्रक्रिया बंद पाडतो आणि त्या प्रॉक्सीवर अवलंबून असलेल्या सगळ्यांचे इंटरनेट थांबते.

आभासी गळती : मेमरी-वापरातील प्रत्येक वाढ ही गळती नसते. हार्वेस्ट प्रकल्पातून 1996 मध्ये पुढे आलेला ‘स्क्विड’ हा प्रॉक्सी याचे ठळक उदाहरण आहे. त्यातील ‘कॅश_मेम’ ही मर्यादा (मूळ मूल्य 256 एमबी) फक्त मेमरीत ठेवलेल्या वेब-मजकुराला लागू होते, संपूर्ण प्रक्रियेला नव्हे. वेब-मजकुराच्या डिस्कवरील साठ्याची सूचीही मेमरीतच राहते. 64-बिट यंत्रावर तिला दर जीबीमागे सुमारे 14 एमबी लागतात, म्हणजे 100 जीबी साठ्याला सुमारे 1.4 जीबी. साठा भरेपर्यंत ही वाढ चालूच राहते. मेमरीचे विखंडन झाले, म्हणजे मोकळी जागा लहान लहान तुकड्यांत विखुरली, तरीही आकडा फुगलेला दिसतो.

निदान : प्रक्रियेने प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी, चालू जोडण्या आणि विनंत्यांचा वेग यांची ठरावीक अंतराने एकत्र नोंद ठेवावी. साठा भरल्यावर मेमरीचा आलेख सपाट झाला, तर गळती नाही. भार स्थिर असूनही तो चढतच राहिला, तर संशय बळावतो. स्क्विडच्या कॅश मॅनेजरमधील मेमरी अहवाल कोणत्या प्रकारच्या वस्तू किती वापरात आहेत ते दाखवतो. रात्री वर्दळ ओसरल्यावरही विनंत्यांशी निगडित वस्तू कमी झाल्या नाहीत, तर शोधाची दिशा मिळते. मग एनक्रिप्टेड वाहतुकीची तपासणी, वापरकर्त्यांची ओळखपडताळणी, बाह्य फिल्टर यांसारख्या सुविधा एकेक करून बंद करून पाहाव्यात. ‘व्हॅलग्राइंड’ हे साधन न सोडलेली मेमरी कोडमध्ये कुठे घेतली गेली ते सांगते. मात्र त्याने प्रोग्रॅम कित्येक पटींनी मंदावतो, म्हणून ते चाचणीच्या यंत्रावरच चालवावे.

उपाय : आधी अद्ययावत आवृत्ती बसवावी, कारण ज्ञात गळत्या बहुधा तिच्यात दुरुस्त झालेल्या असतात. तरीही दोष टिकला, तर आवृत्ती, संरचना आणि वेगवेगळ्या वेळचे मेमरी अहवाल विकासकांना कळवावेत. ठरावीक काळाने प्रॉक्सी पुन्हा सुरू करणे हा तात्पुरता इलाज आहे. त्याने सेवा टिकते, दोष जात नाही.