दारी आलेले सोंग : बोजारा, बहुरूपी आणि तिकिटाचे वेषांतर
(वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वेष पालटून दुसऱ्याच्या दारी जाणे आणि तेथून काही मिळवून परतणे, ही चाल जगातील अनेक कृषिसमाजांत आढळते. अमेरिकेतील हॅलोवीन हे तिचे आज सर्वाधिक परिचित रूप होय. ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी सोंगे घेतलेली मुले घरोघरी जातात, खाऊ मागतात आणि न दिल्यास खोडी काढण्याचा लटका धाक घालतात. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानाने १९९५ पासून याच प्रथेचा स्वतंत्र तिकिटाचा रात्रोत्सव सुरू केला. तेथे मुलांबरोबर प्रौढही वेषभूषा करून येतात आणि ठिकठिकाणी उभारलेल्या खाऊच्या ठाण्यांपुढे पिशवी घेऊन रांगेत उभे राहतात. एरवी चौदा वर्षांवरील पाहुण्यांना वेषभूषा करून या उद्यानात प्रवेश मिळत नाही. उत्सवाच्या रात्री तो मिळतो. मात्र मुखवटा घालून चेहरा झाकण्यास तेव्हाही मनाई असते.

प्रौढांच्या या हौसेकडे पोरकटपणा म्हणून पाहण्याची प्रवृत्ती असते. इतिहासाच्या दृष्टीने पाहता हा आक्षेप टिकत नाही, कारण ही प्रथा मुळात प्रौढांचीच होती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नोव्हेंबरच्या आरंभी, सर्व मृतात्म्यांच्या स्मरणदिनाच्या सुमारास, गोरगरीब सधनांच्या दारी जात, त्यांच्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचे मान्य करीत आणि मोबदल्यात भाकरीवजा गोड रोट घेत. आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकात हे आचार अमेरिकेत नेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांपासून कॅनडा व अमेरिकेत त्यांना आजचे रूप येत गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते प्रामुख्याने मुलांचे झाले. निकोलस रॉजर्स यांनी हॅलोवीनच्या इतिहासावरील आपल्या २००२ च्या ग्रंथात या परिवर्तनाचा विस्ताराने मागोवा घेतला आहे.

हक्काचे मागणे मुलांच्या खेळात आणि खेळ पुन्हा प्रौढांच्या विकत घेतलेल्या करमणुकीत रूपांतरित होण्याचा हा क्रम केवळ पाश्चात्त्य नाही. त्याचा मोठा भाग वर्धा जिल्ह्यातही पाहावयास मिळतो. किंबहुना येथे या क्रमाची एक अशी बाजू दिसते, जी डिस्नेच्या उद्यानात दिसणे शक्य नाही. सोंग घेऊन दारी आलेल्या प्रौढास हक्कदार म्हणावे, पाहुणा म्हणावे, ग्राहक म्हणावे की भिकारी, हे त्याच्या सोंगावरून ठरत नाही. दारातला आणि दाराबाहेरचा यांचे आधीचे नाते काय, यावरून ते ठरते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

पोळा आणि बोजारा

विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतन दिले जाते. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, झुली पांघरून, घागरमाळा बांधून बैल गावच्या आखरावर आणले जातात. तेथे तोरण बांधलेले असते. झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटते आणि 'पोळा फुटतो'. त्यानंतर बैल घेऊन घरोघरी जाण्याचा भाग येतो. घरधनीण बैलांचे पाय धुते, त्यांना ओवाळते, पुरणपोळीचा घास देते आणि बैल धरणाऱ्याच्या हातावर पैसा किंवा धान्य ठेवते. यालाच बोजारा म्हणतात.

बोजाऱ्याला भीक म्हणणे वैदर्भीय माणसाला रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. बैल धरणारा हा बहुधा सालदार किंवा गडी असे. वर्षभर दुसऱ्याच्या वावरात राबणारा हा मनुष्य त्या दिवशी बैलाच्या सोबतीने मालकाच्या दर्शनी दारी येई, त्याला जेवण मिळे, अनेक घरी नवे कपडेही मिळत. देणाऱ्याने दिले नाही तर गावात त्याचीच नाचक्की होई. मागणे आणि देणे दोन्ही वर्षाच्या एका दिवसापुरते बांधलेले होते, आणि बांधलेले असल्यामुळेच त्यात लाचारी नव्हती.

अर्थात या चित्राला भाबडेपणाने पाहू नये. आर. व्ही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात कुणब्यांच्या पोळ्याचे वर्णन केले आहे. सर्वांत पुढे शिंगांवर मखर बांधलेला म्हातारा बैल, त्यामागे गावच्या मालगुजाराचे बैल आणि नंतर रयतेचे बैल असा क्रम ते नोंदवितात. हा क्रम संपत्तीपेक्षा घराण्याच्या परंपरागत मानाप्रमाणे लागे आणि आपले स्थान डावलले गेल्यास कुणब्याला ते अत्यंत जिव्हारी लागे, असेही त्यांचे निरीक्षण आहे. मानपानाची ही उतरंडच सणाचा कणा होती. बोजारा त्या उतरंडीला धक्का देत नसे. वर्षातून एकदा तिच्यातील देणे चुकते करण्याची ती रीत होती.

उतरंडीला धक्का दिला तो झडत्यांनी. शंकर-पार्वतीच्या नमनाने सुरू होणारी ही यमकबद्ध कवने पुढे सावकार, पटवारी, पुढारी यांच्यावर घसरतात. अलीकडच्या काळात कापसाचा भाव, कर्जमाफी आणि आत्महत्या हे विषय त्यांत आले. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले त्यांत वर्धा जिल्हा होता, हे येथे ध्यानी घ्यावे. हॅलोवीनच्या 'खोडी काढू' या धाकाचे वैदर्भीय प्रतिरूप शोधावयाचे झाल्यास ते झडत्यांतच सापडेल. फरक इतकाच की येथे धाक लटका नसतो. ऐकणाऱ्यांपैकी ज्याला लागायचा त्याला शब्द लागतो.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशात, म्हणजे तत्कालीन वर्धा जिल्ह्यातही, मालगुजारी संपुष्टात आली. पुढे ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, सालदारी आटली. बोजारा देणारा-घेणारा हा संबंधच विरळ झाला. जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत मालगुजारी काळातील खर्चाच्या वह्या अद्याप जेथे जेथे शिल्लक असतील तेथे पोळ्याच्या दिवसाची पाने आधी उघडावीत, असे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना सुचवावेसे वाटते.

तान्हा पोळा : हक्काचा खेळ होणे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लाकडी बैलांचा हा पोळा नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली मुलांसाठी सुरू केला, असे परंपरा सांगते. तान्ह्या पोळ्यात मुले शेतकरी, वारकरी, कृष्ण, शिवाजी अशी सोंगे घेतात, लाकडी बैलाची दोरी धरून घरोघरी जातात आणि बोजारा मागतात. शब्द तोच, ओवाळणेही तेच. पण सालदाराच्या हातावर पडणारा पैसा आता शेजाऱ्याच्या मुलाच्या हातावर पडतो. ज्या घरात एकही बैल नाही, वावरही नाही, त्या घरातील मूल फेटा बांधून शेतकरी होते. कष्ट बाजूला राहून त्यांचा वेष तेवढा उरला, असे म्हणता येईल. परंतु हा निवाडा थोडा कठोर होईल. मुलांच्या रूपाने का होईना, शेतमजुराने दारी येऊन मागण्याची आठवण या प्रथेने जिवंत ठेवली आहे.

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. येथे मुलांच्या हातातील लहान बैलांबरोबर मोठमोठे लाकडी नंदी मिरवणुकीत निघतात. ते ओढणे मुलांच्या आवाक्यातले नसते. प्रौढ मंडळी ते ओढतात आणि देखाव्यांच्या उभारणीतही तीच पुढे असतात. मुलांसाठी निघालेला सण अशा रीतीने प्रौढांनी पुन्हा आपलासा केला. डिस्नेच्या उद्यानातील प्रौढांशी त्यांचे साम्य येथपर्यंत आहे. तेथे प्रवेशासाठी तिकीट लागते आणि खाऊ देणारा हा उद्यानाचा नोकर असतो. सिंदीत मिरवणूक गावाच्या रस्त्यावरून जाते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओळखीची दारे असतात.

पाहुणे म्हणून येणारी सोंगे

ओळखीच्या दारांमुळे सोंगाला प्रतिष्ठा येते याचे अधिक ठसठशीत उदाहरण वर्ध्याच्या शेजारी, यवतमाळच्या दक्षिण भागात आणि त्याला लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबादेत मिळते. तेथील राजगोंड व कोलाम समाजात दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते. एका गावातील पुरुषांचा जथा दुसऱ्या गावी जातो. त्यातील घुसाडी मोरपिसांचा भला मोठा शिरोभार घालतात, अंगाला राख फासतात, खोट्या दाढ्या लावतात, खांद्यावर हरणाचे कातडे टाकतात आणि भेटेल त्याची थट्टा करतात. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी राजगोंडांविषयीच्या १९४८ च्या ग्रंथामुळे हा समाज जगाच्या अभ्यासविषयात आणला. मारलावाईचे घुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दंडारीतील प्रौढ सोंगाड्याला यजमान गाव जेवू घालते, मुक्कामास ठेवते. तो पाहुणा असतो आणि भेटीची परतफेड करावयाची असते.

बहुरूपी : नाते नसलेले दार

बहुरूपी किंवा रायरंद मात्र असा पाहुणा नसतो. तो दूरच्या गावाहून येतो, पालावर राहतो आणि सोंग हेच त्याचे पोट असते. शंकर, हनुमान, वैद्य, तलाठी अशी अनेक रूपे तो घेतो. पण त्याचे सर्वांत गाजलेले सोंग पोलिसाचे. खाकी कपडे, हातात दंडुका, काखेत वही घेऊन तो दारात उभा राहतो, घरधन्याच्या नावचे वॉरंट निघाल्याचे दरडावून सांगतो आणि त्याची पुरती भंबेरी उडाल्यावर असंबद्ध यमकांची सरबत्ती सुरू करतो. धाक आधी, हसू नंतर आणि शेवटी बक्षीस, असा हा क्रम आहे. बहुरूप्याच्या कलेचे मर्म असे की फसवणूक साधल्याबरोबर ती स्वतःच उघड करावयाची. ओळख न पटणे हे त्याचे यश आणि ओळख पटविणे ही त्याची मजुरी.

हे सोंग चालण्यासाठी पाहणाऱ्याला बहुरूपी म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते. जुन्या खेड्यात ते ठाऊक होते. शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांत, जेथे शेजारीही एकमेकांना नवे असतात, तेथे हे ज्ञान नाहीसे झाले. मे २०१२ मध्ये नागपुरातील कळमना भागात स्त्रीवेष घेऊन भिक्षा मागणाऱ्या नाथजोगी समाजातील तिघांना जमावाने चोर समजून ठार मारले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा मुले पळविणारे समजून बळी घेतला गेला. राईनपाड्यात तर सोंगाचाही प्रश्न नव्हता. अनोळखी असणे एवढेच पुरेसे ठरले. नागपुरात जो वेष पिढ्यान्‌पिढ्या पोटाचे साधन होता तोच पुरावा मानला गेला.

राज्यसंस्थेला वेषांतराचे भय जुनेच आहे. न्यूयॉर्क राज्यात १८४५ साली मुखवट्यांविरुद्ध कायदा झाला, कारण जमीनदारांना खंड देण्यास नकार देणारी कुळे वेष पालटून अधिकाऱ्यांना अडवीत होती. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकेपणालाच संशयास्पद ठरविले; तो १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर १९५९ चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा आला. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखविणे असे निमित्त असो वा नसो, सार्वजनिक जागी भिक्षा मागणे वा घेणे ही त्यातील भिक्षेची व्याख्या आहे, आणि भिक्षेसाठी खासगी आवारात शिरणेही तिच्यात येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील भिक्षा मागणे हा गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या.

ही व्याख्या शब्दशः वाचली तर फेटा बांधून, लाकडी बैल ओढत शेजाऱ्याच्या अंगणात शिरणारे आणि बोजारा मागणारे सिंदीचे मूलही तिच्या कक्षेपासून फार लांब राहत नाही. तसे वाचण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण ते मूल कोणाचे आहे हे अंगणातल्या बाईला माहीत असते. पोलिसाचा वेष उतरवून संध्याकाळी पालावर परतणारा बहुरूपी कोणाचा कोण, हे तिला माहीत नसते, आणि ते विचारण्याची रीतही आता गावात राहिलेली नाही.