औषधमात्रांचे श्रुतलेखन

डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली किंवा ध्वनिमुद्रित केलेली औषधाची मात्रा रुग्णाच्या नोंदीत लेखी उतरवण्याचे काम. औषधाचे नाव, एका वेळची मात्रा, तिचे एकक, औषध तोंडाने द्यायचे की शिरेतून, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे सगळे बहुधा एका दमात सांगितले जाते. हे काम दोन ठिकाणी चालते. वॉर्डात राउंडच्या वेळी किंवा रात्री फोनवरून डॉक्टर सांगतात आणि निवासी डॉक्टर किंवा सिस्टर केसपेपरवर लिहून घेतात. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या केंद्रात कानाला हेडफोन आणि पायाखाली पेडल घेऊन बसलेली व्यक्ती ध्वनिफीत मागेपुढे करत डिस्चार्ज समरी किंवा शस्त्रक्रियेचा अहवाल टंकते. अमेरिकेतल्या रुग्णालयांचे हे काम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या प्रमाणावर भारतात येऊ लागले. तिथल्या रात्री इथे दिवस असतो, त्यामुळे संध्याकाळी सांगितलेला अहवाल दुसऱ्या सकाळी तयार मिळे. कामाचा मोबदला बहुधा ओळींवर ठरतो आणि ६५ अक्षरांची एक ओळ धरण्याची पद्धत रूढ आहे. वेगावर पैसे मिळणाऱ्या या धंद्यात मात्रेचा आकडा ही अशी एकच जागा आहे जिथे वेग पूर्णपणे विसरावा लागतो.

या विषयाची चर्चा निघाली की अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका खटल्याचा उल्लेख होतोच. २००८ साली मधुमेहाची एक रुग्ण रुग्णालयातून घरी न जाता देखभाल केंद्रात गेली. तिच्या डिस्चार्ज समरीचे डिक्टेशन एका कंपनीकडून दुसरीकडे असे हातोहात भारतापर्यंत आले होते. डॉक्टरांनी लेव्हेमिर हे इन्सुलिन ८ युनिट सांगितले होते. कागदावर ८० उतरले. डॉक्टरांनी तपासून सही करण्याआधीच तो मजकूर वापरात आला आणि देखभाल केंद्रासाठीच्या औषधांच्या ऑर्डरीत तोच आकडा गेला. दहापट इन्सुलिन मिळाल्याने तिची प्रकृती ढासळली आणि ती दगावली. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने १४ कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला. या प्रकरणाकडे टंकनदोष म्हणून पाहणे अपुरे आहे. चुकीचा आकडा टंकला गेला, न तपासलेला कागद पुढे गेला, ज्याने तो वाचला त्याला ८० युनिटांचे आश्चर्य वाटले नाही किंवा वाटूनही त्याने विचारले नाही. या तीनपैकी एकही गोष्ट अडली असती तर जीव वाचला असता.

आकडे चुकण्याची कारणे ठराविक आहेत. इंग्रजी ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘सिक्स्टीन’ आणि ‘सिक्स्टी’ यांतला फरक फोनच्या खरखरीत बुडतो. मराठीतही ‘सात’ आणि ‘साठ’, ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ या जोड्या तितक्याच फसव्या आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक रुग्णालयांत डॉक्टर मराठी, सिस्टर मल्याळी आणि निवासी डॉक्टर हिंदी बोलणारे असतात, म्हणून आकडे इंग्रजीतूनच सांगितले जातात. त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे आकडा आधी पूर्ण आणि मग सुटा सांगणे: ‘फिफ्टी, फाइव्ह झीरो’. ऐकणाऱ्याने तो आधी लिहायचा आणि लिहिलेले वाचून दाखवायचे. आठवणीतून परत म्हणून दाखवण्याला अर्थ नाही, कारण तपासायचा असतो तो कागदावर उतरलेला आकडा. तोंडी ऑर्डर तातडीच्या प्रसंगापुरतीच घ्यावी आणि डॉक्टरांनी तिच्यावर ठरल्या मुदतीत सही करावी, हा दंडकही आज बहुतेक रुग्णालयांच्या लेखी धोरणात असतो.

दशांशचिन्ह हा यातला सर्वांत धोक्याचा भाग. डायजॉक्सिन हे हृदयाचे औषध ०.१२५ मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेत दिले जाते. डॉक्टर ‘पॉइंट वन टू फाइव्ह’ म्हणतात. लिहिणाऱ्याने टिंबाआधी शून्य घातलेच पाहिजे, कारण नुसते टिंब पुसट छपाईत नाहीसे होते आणि .१२५ चे १२५ होतात. याच्या उलट, पूर्णांकानंतर टिंब आणि शून्य कधीही लिहू नये. वॉरफरिन १.० मिलिग्रॅम असे लिहिले आणि टिंब दिसले नाही तर १० मिलिग्रॅम वाचले जाते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बाबतीत याचा अर्थ अंतर्गत रक्तस्राव. डॉक्टरांनी ‘वन पॉइंट झीरो’ असे स्पष्ट उच्चारले तरी मात्रा लिहिताना १ एवढेच लिहायचे. प्रयोगशाळेच्या अहवालातल्या आकड्यांना मात्र हा नियम लागू होत नाही, कारण तिथे ते शून्य मोजमापाची अचूकता सांगते.

अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या मानांकन संस्थेने २००४ साली वापरू नयेत अशा खुणांची एक छोटी यादी लागू केली. त्या यादीत हे दोन्ही दशांशनियम आहेत. त्याच यादीनुसार युनिटसाठी नुसते ‘यू’ लिहायचे नाही, कारण हाताने लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि ४ यू चे ४० होतात. ‘आययू’ हे ‘आयव्ही’ किंवा १० असे वाचले जाते. ‘एमएस’ म्हणजे मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट हे कळत नाही, म्हणून पूर्ण नाव लिहायचे. औषधांच्या सुरक्षित वापरासाठी काम करणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेची यादी याहून बरीच लांब आहे. तिच्यात मायक्रोग्रॅमचे ग्रीक अक्षर येते, कारण ते मिलिग्रॅमच्या ‘एम’सारखे वाचले जाऊन मात्रा हजारपट होऊ शकते. डिक्टेशनमध्ये ‘एमजी’ आणि ‘एमसीजी’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. एकक पूर्ण शब्दात उच्चारणे आणि पूर्ण शब्दात लिहिणे हेच त्यावरचे खरे औषध.

भारतीय डिक्टेशनला स्वतःच्या काही अडचणी आहेत आणि परदेशी पुस्तकांत त्यांची उत्तरे सापडत नाहीत. इथे डॉक्टर ब्रँडचे नाव सांगतात आणि ताकद त्या नावातच असते: डोलो ६५०, पॅन ४०. ‘ग्लायकोमेट जीपी वन, टू टाइम्स’ असे वाक्य घ्या. यातला ‘वन’ गोळ्यांची संख्या सांगत नाही. जीपी १ या गोळीत ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम असते. जीपी २ मध्ये ग्लिमेपिराइड दुप्पट असते. लिहिणाऱ्याने ‘ग्लायकोमेट जीपी, एक गोळी’ असे उतरवले तर ताकद हरवली आणि औषधाच्या दुकानात कोणतीही पट्टी मिळू शकते. ऑगमेंटिन ६२५ मध्ये अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १२५ मिलिग्रॅम असते, म्हणून ‘अमॉक्सिसिलिन ६२५’ ही नोंद चुकीची ठरते. मिक्सटार्ड ३०/७० या इन्सुलिनच्या नावातले आकडे मिश्रणाचे प्रमाण सांगतात. युनिटांचा आकडा त्यानंतर येतो आणि तो वेगळा, ‘युनिट’ या शब्दासह लिहावा लागतो.

इन्सुलिनच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. आपल्याकडच्या कुपीत बहुधा १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, तर पेनमध्ये १००. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या कुपीसाठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. म्हणून डॉक्टरांनी युनिट सांगितले असतील तर ते मिलिलिटरमध्ये किंवा सिरिंजवरच्या रेघांमध्ये बदलून लिहिण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला नाही. मोठ्या आकड्यांत लाख आणि मिलियनचा गोंधळ होतो: बेंझाथिन पेनिसिलिनचे १२ लाख युनिट म्हणजे १.२ मिलियन. शून्ये मोजत बसण्यापेक्षा ‘१२ लाख’ असे अक्षरी लिहिणे सुरक्षित.

वारंवारितेच्या खुणाही तपासून घ्याव्या लागतात. ‘ओडी’ म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा. नेत्रविभागात आणि अमेरिकन कागदपत्रांत त्याचा अर्थ उजवा डोळा. ‘एचएस’ म्हणजे झोपताना, पण ते अर्ध्या ताकदीचे औषध असेही वाचले गेले आहे. सकाळ-दुपार-रात्र दाखवणारी १-०-१ ही आपली पद्धत रुग्णालाही समजते, म्हणून ती टिकावी असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मात्र ती संगणकावर टंकताना जपावे, कारण स्प्रेडशीटमध्ये १-१-१ ची आपोआप तारीख होते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधांना सर्वाधिक जपावे लागते. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेले तर रक्तपेशी घटून रुग्ण मरू शकतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडीही बहुधा आठवड्याचीच असते. अशा नोंदीत ‘आठवड्यातून एकदा, दर सोमवारी’ असा वार लिहून घेणे हा साधा आणि खात्रीचा उपाय.

सारख्या नावांची औषधे मात्रेवरून ओळखू येतात, निदान शंका तरी येते. हायड्रॅलझिन रक्तदाबासाठी आणि हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी. विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन दोन्ही कर्करोगाची, पण विनक्रिस्टिनची एका वेळची मात्रा सहसा २ मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. म्हणून चांगल्या लिहिणाऱ्याला औषधशास्त्राची तोंडओळख लागते. नुसता तीक्ष्ण कान पुरत नाही.

ऐकू न आलेला आकडा अंदाजाने भरू नये, हा या कामाचा पहिला नियम. तिथे रिकामी जागा सोडायची, ध्वनिफितीतली वेळ लिहायची आणि डॉक्टरांकडे पाठवायचे. डॉक्टरच चुकीचे बोलले असतील, उदाहरणार्थ थायरॉक्सिन ‘५० मिलिग्रॅम’ म्हणाले असतील, तर ते मायक्रोग्रॅम असणार हे उघड असूनही गुपचूप दुरुस्ती करायची नाही. खूण करून विचारायचे. काही केंद्रांत रिकाम्या जागा जास्त सोडणारा कामगार कच्चा समजला जातो. हा दृष्टिकोन घातक आहे आणि तो व्यवस्थापनानेच बदलला पाहिजे. विचारण्याची भीती वाटली की माणूस अंदाज करतो.

आता बरेचसे डिक्टेशन आधी संगणकच मजकुरात बदलतो आणि माणूस ते तपासतो. २०१८ साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २१७ नोंदी तपासल्या गेल्या. यंत्राच्या कच्च्या मजकुरात ७.४ टक्के शब्द चुकीचे होते. व्यावसायिक ट्रान्सक्रिप्शनिस्टने पाहिल्यावर हे प्रमाण ०.४ टक्क्यावर आणि डॉक्टरांच्या सहीनंतर ०.३ टक्क्यावर आले. यंत्र आले म्हणून माणूस काढून टाकण्याच्या विचाराला हे आकडे पुरेसे उत्तर आहेत. यंत्राची चूक शुद्ध, नीटनेटक्या वाक्यात येते, त्यामुळे ती डोळ्यांना खुपत नाही. तपासणाऱ्याने मात्रेपाशी ध्वनिफीत पुन्हा ऐकलीच पाहिजे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवावी लागतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. डिस्चार्ज कार्डावरची मात्रा आणि हातातल्या गोळ्यांची पट्टी जुळत नसेल तर औषध घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि नोंदींची प्रत मागून घ्यावी.