रुपयाभार चांदी आणि दहा आणे

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात भोजनोत्तर गप्पा रंगल्या असता एका तरुण ज्ञातिबंधूने प्रस्तुत लेखकास एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “गुरुजी, जगातल्या मोठमोठ्या पेढ्या उद्या कोसळल्या, नोटांना रद्दीची किंमत आली, तर तरेल तो सोने-चांदीवालाच ना? मग मुदतीच्या ठेवी मोडून सगळी चांदीच का घेऊन ठेवू नये?” सोन्याने दहा ग्रॅमला लाखाची मजल २०२५ साली ओलांडली, चांदीही त्याच वाटेने धावली, तेव्हा हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नव्हे, हे उघड आहे. सोनारानेच कान टोचावेत अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यांच्या कित्येक पिढ्या मूस आणि भात्यापुढे बसून गेल्या, त्या आपल्या ज्ञातीने या प्रश्नाचे उत्तर धंद्याच्या लोभाने देऊ नये, इतिहासाच्या आधाराने द्यावे, या हेतूने चार गोष्टी ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे.

चांदीवर आपल्या लोकांचा एवढा विश्वास का बसला, हे प्रथम पाहिले पाहिजे. तो भाबडेपणाने बसलेला नव्हता. १८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन. त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी. त्यापूर्वी चांदवडी, अंकुशी, सुरती अशा नाना रुपयांचा बाजार होता आणि त्यांचा बट्टा काढता काढता सराफांची उपजीविका चालत असे. नव्या व्यवस्थेतील महत्त्वाची गोष्ट अशी की टाकसाळीचे दार सर्वांना उघडे होते. कोणीही आपली चांदी न्यावी, शेकडा दोन रुपयांच्या आसपास कर्तनावळ द्यावी आणि बाकीचे खणखणीत रुपये मोजून घ्यावे. खेड्यातील कुणबी स्वतः मुंबईच्या टाकसाळीत जात नसे हे खरे. पण गावचा सोनार तालुक्याच्या सराफाकडे आणि सराफ मुंबईच्या पेढीकडे चांदी पाठवी, आणि टाकसाळीचा भाव साखळीसारखा उलट वाहत गावापर्यंत येई. कुणब्याच्या बायकोच्या पायातील वाळे, दंडातील वाकी, कमरेची साखळी हे दागिने होतेच. पण ती तिची पेढीही होती. रुपयाभार चांदी म्हणजे रुपया, हे समीकरण तिला तोंडपाठ होते.

हा विश्वास दोन मोठ्या कसोट्यांना उतरला. पहिली कसोटी मुंबईच्या शेअरवेडाची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथला कापूस विलायतेस जाईना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशातून बँका आणि समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बेच्या शेअरांसाठी शहाणीसुरती माणसे वेडी झाली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्या वर्षीच्या जुलैच्या पहिल्या तारखेस वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ आली, तेव्हा कालचे कोट्यधीश दिवाळखोर झाले. प्रेमचंद रायचंदांसारखा व्यापारी त्यात सापडला. पुढे खुद्द बँक ऑफ बाँबे बुडाली. वऱ्हाड-खानदेशातील ज्या शेतकऱ्याने कापसाचे पैसे चांदीत घातले होते त्याला मात्र या वादळाची झळ त्या मानाने कमी लागली. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या कथा त्या काळच्या आहेत; त्यांतली अतिशयोक्ती वगळली तरी चांदी घरात होती एवढे खरे.

दुसरी कसोटी १८७६ ते ७८ च्या दुष्काळाची. दख्खनमध्ये पाऊस गेला, जनावरे गेली, आणि मग अंगावरची चांदी उतरू लागली. मुंबईच्या टाकसाळीत त्या वर्षांत दागिन्यांच्या चांदीची रीघ लागली. जुने वाळे मुशीत गेले आणि त्याचे राणीछाप रुपये होऊन धान्याच्या दुकानी पोचले. धान्य महागले होते, पण चांदीने दगा दिला नाही.

याच सुमारास दूरदेशी मात्र चांदीचे ग्रह फिरले होते. जर्मनीने १८७१ नंतर सोन्याचे नाणे स्वीकारून आपली चांदी विकावयास काढली. १८७३ साली अमेरिकेने चांदीचा डॉलर पाडण्याची मोकळीक काढून घेतली. फ्रान्स व त्याच्या सोबतच्या देशांनीही चांदीची नाणी पाडणे आधी आटोक्यात आणले व मग थांबविले. इकडे नेव्हाडाच्या खाणींतून चांदीचा लोंढा येत होता. लंडनच्या बाजारात औंसाला साठ पेन्सांच्या आसपास असलेली चांदी १८९३ च्या प्रारंभी अडतिसावर आली. रुपया म्हणजे चांदीच असल्यामुळे तोही घसरला. १८७२ च्या सुमारास जवळजवळ तेवीस पेन्सांचा असलेला रुपया वीस वर्षांनी पंधरा पेन्सांच्या घरात आला.

गंमत अशी की यातले काहीच आपल्या कुणब्याला कळले नाही, आणि कळण्याचे कारणही नव्हते. रुपया आणि चांदी एकाच नावेत होती. नाव खाली जात असली तरी आतल्या दोघांतील अंतर बदलत नव्हते. रुपयाभार वाळ्याला रुपयाच मिळे. अडचण झाली ती हिंदुस्थान सरकारची. त्याला दरसाल विलायतेत सोन्यात पैसे भरावे लागत आणि रुपया जितका स्वस्त, तितके ते देणे रुपयांत भारी होई. लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी सिमल्यास एक कायदा संमत झाला. एकाच दिवसात तो संमत झाला आणि त्याच दिवसापासून टाकसाळीचे दार लोकांच्या चांदीला बंद झाले. यापुढे रुपये पाडावयाचे ते सरकारने, आपल्या मर्जीने.

तोपर्यंतचा रुपया म्हणजे शिक्का मारलेली चांदी होती. त्या दिवसापासून तो सरकारच्या हुकमाने चालणारे नाणे झाला. त्यातील चांदीला आता त्याच्या किमतीशी कर्तव्य उरले नाही. लंडनमध्ये चांदी चार-पाच दिवसांत अडतीस पेन्सांवरून तिसाच्या आसपास आली. रुपयाला पुढे हळूहळू सोळा पेन्सांवर नेऊन उभे करण्यात आले. एकाच नावेतले दोघे दोन नावांत बसले. एक वर चढली आणि दुसरी बुडू लागली. ज्यांच्यापाशी रुपये होते, ज्यांचे पगार, व्याज आणि सारा रुपयांत होता, ते वरच्या नावेत. ज्यांच्यापाशी वाळे आणि वाक्या होत्या, ते खालच्या. दादाभाई नौरोजींनी १८९८ साली चलनाच्या समितीपुढे टाकसाळबंदीस विरोध करताना रयतेवरील सारा यामुळे खरोखर वाढला असे सांगितले होते. सरकारने त्यांचे ऐकले नाही.

आणि मग १८९९ चा पाऊस गेला. गुजरातेत आणि आपल्याकडेही ज्याला छप्पन्नचा काळ म्हणतात, तो हा दुष्काळ. आमचे पणजोबा तेव्हा नगर जिल्ह्यातील एका बाजारगावी दुकान मांडून होते. त्यांनी आजोबांना आणि आजोबांनी मला सांगितलेली हकीकत येथे देतो. आसपासच्या खेड्यांतील माणसे धडप्यात बांधून वाळे, वाक्या, सऱ्या घेऊन येत. त्यांना बत्तीस-पस्तीस रुपयेभार वाळ्यांचे तितकेच रुपये मिळतील अशी अपेक्षा असे, कारण मागच्या दुष्काळात त्यांच्या बापांना तसेच मिळाले होते. पणजोबा तोळ्याला दहा आणे म्हणत. घेणारा माणूस आधी हसे, मग कावराबावरा होई, मग संतापे. काही जण दुसऱ्या दुकानी जाऊन, तिथेही दहाच आणे ऐकून परत येत. एका म्हाताऱ्याने खिशातला राणीछाप रुपया काढून तराजूच्या एका पारड्यात टाकला आणि दुसऱ्यात आपल्या वाळ्याचा तुकडा. काटा मधोमध उभा राहिला. “बघ,” तो म्हणाला, “सारखं आहे का नाही? मग सहा आणे कुणी खाल्ले?” पणजोबांपाशी उत्तर नव्हते. ते आपल्या नातवंडांना सांगत की त्या वर्षी मी कुणाची गुंजही मारली नाही, पण गावाने मला चोर म्हटले ते आयुष्यभर.

हिशेब करून पाहिला तर पणजोबांचा भाव बरोबर होता. त्या सुमारास लंडनमध्ये चांदी सत्तावीस पेन्सांच्या आसपास होती. त्या भावाने रुपयातील चांदीची किंमत दहा पेन्स येते आणि रुपया चाले सोळा पेन्सांनी. सोळात दहा, म्हणजे रुपयात दहा आणे. सहा आणे सिमल्यास गेले होते, पण म्हाताऱ्याला सिमला कुठला ठाऊक! त्याच्यापुढे बसलेला होता सोनार. आपल्या ज्ञातीविषयी गावोगाव जी दुखरी बोलणी ऐकू येतात त्यांत आपल्यातील काहींचा हात नाही असे मी म्हणणार नाही. तथापि या एका हिशेबात तरी आपण निर्दोष आहोत, हे पुढच्या पिढीला ठाऊक असावे.

पुढे चांदीचे चक्र उलटेही फिरले. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की रुपया वितळवून विकणे फायद्याचे झाले. म्हणून १९१७ साली सरकारने नाणी वितळविणे गुन्हा ठरविला आणि त्याच वर्षअखेर एक रुपयाची कागदी नोट काढली. १९१८ साली लोकांनी नोटांचे रुपये मागण्याचा असा धडाका लावला की अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले डॉलर वितळविले आणि वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानास विकली, तेव्हा सरकारची अब्रू राहिली. १९२० च्या फेब्रुवारीत चांदी नव्वद पेन्सांच्या उंबरठ्यावर गेली. पण छप्पन्नच्या काळात ज्यांनी दहा आण्यांनी विकली त्यांना त्याचा काय उपयोग? त्यानंतर ती पुन्हा कोसळली, ते निराळेच.

येथे कोणी म्हणेल, चांदीचे सोडा, सोन्याने कधी दगा दिला? दिला नाही असेच मलाही वाटते. मात्र त्याची कथाही सरळ नाही. १९२७ च्या कायद्याने सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा बांधलेला होता. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला आणि सोने चढू लागले. त्याच वेळी जगभर मंदी होती; शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास आले होते, पण सारा आणि सावकाराचे व्याज जसेच्या तसे होते. ज्या घरांत पुतळ्यांची माळ होती तिथून ती निघाली. मुंबई बंदरातून बोटीमागून बोटी सोने घेऊन जाऊ लागल्या आणि पुढील काही वर्षांत तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. सरकारने म्हटले, लोक नफा घेत आहेत. ज्यांच्या दुकानात ती मोड आली त्यांनी बायकांचे चेहरे पाहिले होते. सोन्याने त्या घरांची शेती वाचविली हे निर्विवाद. परंतु पंचवीस-सव्वीस रुपयांनी विकलेले सोने चार-पाच वर्षांत पस्तिशीला गेले, आणि माळ पुन्हा घडली नाही. अडल्या माणसाला भावाची वाट पाहता येत नाही.

त्याच दशकात अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांजवळचे सोने औंसाला २०.६७ डॉलरने सरकारजमा करविले आणि पुढल्याच जानेवारीत त्याचा भाव ३५ डॉलर ठरविला. आपल्याकडे ती पाळी तीस वर्षांनी आली. चीनच्या आक्रमणानंतर ९ जानेवारी १९६३ रोजी सुवर्ण नियंत्रणाचे नियम पुकारले गेले; अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. त्या काळाविषयी आपल्या घरोघर इतके बोलले गेले आहे की मी विस्तार करीत नाही. आमच्या वडिलांचे दुकान त्या वर्षी बसले. ते एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागले. हजारो कारागीर देशोधडीस लागले आणि काहींनी जीव दिला. चौदा कॅरटची अट १९६६ साली उठली, १९६८ साली स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० च्या जूनमध्ये रद्द झाला. वडील तेव्हा हयात होते. बातमी वाचून त्यांनी माळ्यावरचा भाता खाली काढावयास सांगितला. त्याचे कातडे उंदरांनी खाल्ले होते.

आता त्या तरुण ज्ञातिबंधूस दिलेले उत्तर. मी त्यास म्हणालो की घरात थोडे सोने असावे, ते कर्ज काढून घेतलेले नसावे. दागिना घेशील तर त्याची घडणावळ आणि तूट परत मिळत नाही हे सोनाराच्या पोराला मी सांगावे लागू नये. आणि ठेवी मोडून चांदी घेणार असशील तर १९८० साली काय झाले ते आधी वाच. त्या वर्षी अमेरिकेतील दोघा धनाढ्य हंट बंधूंनी चांदी कोंडून जानेवारीत तिचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ नेला आणि मार्च संपण्यापूर्वी तो अकराच्या खाली आला. त्याने सर्व ऐकून घेतले व पणजोबांच्या तराजूची गोष्ट पुन्हा सांगावयास लावली. चांदी त्याने घेतली की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही.

एक विनंती आहे. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी जुन्या दुकानांच्या रोजकीर्दी अथवा चोपड्या शिल्लक असतील, त्यांनी १८९३ च्या जून-जुलैतील आणि १८९९-१९०० मधील चांदीच्या खरेदीचे भाव उतरवून मंडळाच्या कार्यालयात पाठवावे. आमच्या घरच्या चोपड्या १९६३ नंतर रद्दीत गेल्या.