लेझीम, तालीम आणि एक अर्ज

जामसांवलीचा मारुती उभा नाही, पिंपळाखाली पहुडलेला आहे. माझे वडील म्हणत, मेहनत करून दमलेला गडी तालमीबाहेर जरा लवंडला आहे. देवळात नवस मराठीत बोलतात, बाहेर नारळाचा भाव हिंदीत ठरतो. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे सगळा कारभारच असा दुभाषी.

मागच्या हनुमान जयंतीला तिथल्या रांगेत नात सांगत होती, "आजोबा, मी झुंबाला जाते." पुढची म्हातारी वळून म्हणाली, "कायची झुंबड व, पोरी?" झुंबड तर आमच्या भोवतीच होती. झुंबा म्हणजे कोलंबियातल्या काली शहराच्या अल्बर्टो पेरेझ यांनी काढलेला, गाण्यावर नाचत करायचा व्यायाम. २००१ साली अमेरिकेत त्याची कंपनी निघाली आणि नावही तिच्या मालकीचे झाले.

नातीला म्हटले, तालावरची कसरत आपल्याला नवी नाही. लेझीम आहे की! हा शब्द फारसीतला. तिकडे ते सरावाच्या नरम कमानीचे नाव. नवशिक्या तिरंदाजाने ती ओढून दंड कमवावेत. पुढे दोरीच्या जागी लोखंडी साखळी आणि चकत्या आल्या आणि कमान नुसती व्यायामापुरती उरली. इराणच्या जोरखान्यांत अशी वजनदार साखळीची कमान पहिलवान आजही ढोलाच्या ठेक्यावर डोक्यावर हलवतात. तिथे तिला कब्बादे म्हणतात. हिंदीच्या जुन्या कोशांत लेजम म्हणजे कमानच. मराठी माणसाने मात्र चकत्यांचा आवाज ऐकला आणि ढोल-हलगी घेऊन तिचा नाच केला. शस्त्राचे वाद्य करणारी माणसे मला तरी आवडतात. आमच्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, आणि १९३६ साली त्याचे पथक देशी व्यायाम दाखवायला थेट बर्लिनला जाऊन आले.

पण खरा घोटाळा तालमीचा. अरबीत तालीम म्हणजे शिकवणे. इल्म, मुअल्लिम ही त्याचीच भावंडे. उर्दू-हिंदीत शिक्षण हाच अर्थ राहिला. मराठीत शरीर कमावण्याची जागा ती तालीम. नाटकाची, नाचाचीही तालीमच. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम' मांडली, तेव्हा ऐन मराठी मुलखात हा शब्द हिंदुस्थानी अर्थाने आला.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. (पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तो २०२३ साली.) त्यानंतर काही वर्षांनी वडील एका कचेरीत अर्ज घेऊन गेले. बाबूने विचारले, "तालीम कहाँ तक हुई?" वडील म्हणाले, "छोड दी साहब, घुटना गया." बाबूने लिहिले: अशिक्षित. मी शेजारीच उभा होतो. शाळेत हिंदी शिकत होतो, त्यामुळे प्रश्नही कळला होता आणि उत्तरातली चूकही. पण कचेरीची भीती वाटली. बोललो नाही.

वडील मराठी चौथी पास होते. श्रावणात आळीत पोथी तेच वाचत. त्या कागदावरचा शब्द मी त्यांना कधीच सांगितला नाही. चौथीचा दाखला ते पोथीत खूण म्हणून ठेवीत. तो अजून तिथेच आहे, शिवलीलामृताच्या अकराव्या अध्यायापाशी.