काहीही करून भरवू नका

आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा, आष्टी, आर्वी या तालुक्यांत घराघरात संत्र्यांचे ढीग लागतात. त्याच घरातलं दीड-दोन वर्षांचं लेकरू मात्र फोड ओठाला लागताच तोंड फिरवतं. मग शिकलेले आणि न शिकलेले, शहरातले आणि खेड्यातले, सासरचे आणि माहेरचे अशा सगळ्यांचं एकमत होतं: फळ अंगाला लागतं, लेकराला काय कळतं, तेव्हा काहीही करून ते पोटात गेलं पाहिजे. रस काढा, साखर घाला, पाजा. मोबाइलवर गाणी लावा आणि लक्ष नसताना घास सारा. एक फोड खाल्लीस तर चॉकलेट देतो म्हणा. काहीच जमलं नाही तर मांडीवर आडवं घ्या आणि भरवा. हे मत मायेपोटी आलेलं आहे, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. मला ते मुळातच चुकीचं वाटतं.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. लहान मुलाची जीभ गोडाकडे ओढ घेते. निवड त्याच्यावर सोडली तर ते बिस्किटांवर दिवस काढेल, ही भीती खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी शंभरात जेमतेम अकरा मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. अशा देशात आईनं लेकराच्या खाण्याची काळजी करू नये, असं कोण म्हणेल? माझा आक्षेप तिच्या काळजीवर नाही, ‘काहीही करून’ या दोन शब्दांवर आहे.

पहिली गोष्ट भुकेची. जन्मताना तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं. पुढच्या वर्षभरात त्याचं वजन दोन-अडीच किलोनंच वाढतं. वाढीचा वेग असा उतरला की भूकही उतरते. आईला मात्र काल वाटी चाटूनपुसून खाणारं लेकरू आज ‘खातच नाही’ असं दिसतं. त्यात सकाळ-संध्याकाळ बाटलीभर दूध आणि मधे रडलं की बिस्किटाचा पुडा. दिवसाकाठी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात फळाला जागा उरतच नाही. तेव्हा ‘खात नाही’ म्हणण्याआधी अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावरची रेघ पाहावी. रेघ नीट चढत असेल तर लेकराची भूक आपलं काम चोख करते आहे. वजन अडलं असेल, गिळताना त्रास होत असेल, प्रत्येक घट्ट घासाला ओकारी येत असेल, तर तो डॉक्टरांकडे नेण्याचा विषय आहे. या लेखातलं काही मग त्याला लागू नाही.

दुसरी गोष्ट हट्टाची. लेकरू चालायला लागलं की याच सुमारास त्याला अनोळखी खाण्याचा संशय यायला लागतो. हे जगभरच्या मुलांत दिसतं. अभ्यासकांचा कयास असा की हा संशय त्याचं रक्षण करतो. आपल्याच बांधावर धोतरा आहे, एरंडी आहे, अंगणात कण्हेर आहे. आईच्या कडेवरून उतरून एकटं फिरू लागलेल्या पोरानं दिसेल ते तोंडात घातलं असतं तर? त्याचं तोंड फिरवणं हा दुर्गुण नव्हे. तो वयाचा धर्म आहे, आणि ओळख वाढली की बहुतेक मुलांत सैल पडतो.

ही ओळख कशी वाढते, हे तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दोन वर्षांच्या मुलांना नवी फळं आणि चीजचे प्रकार कमी-जास्त वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा जिभेवर गेला, तो जास्त आवडू लागला. दोन-चार वेळा नाकारलं म्हणून ‘याला संत्रं आवडतच नाही’ असा शिक्का मारणं घाईचं आहे. चाखणं दहा-पंधरा वेळा होऊ द्यावं लागतं. याच बर्च यांनी 1984 मध्ये आमिषाचाही हिशेब मांडला. फळाच्या चवीचं एक आंबवलेलं दुधाचं पेय प्यायल्याबद्दल काही मुलांना बक्षीस दिलं. बक्षीस संपल्यावर त्या मुलांची त्या पेयाची आवड वाढण्याऐवजी घटली. मुलाचा तर्क सरळ आहे: जे घेण्यासाठी मला लाच द्यावी लागते, ते चांगलं कसं असेल?

पूर्वपक्षाच्या हातात इथे एक पुरावा आहे, तो दडवणं बरं नव्हे. लंडनमध्ये लूसी कूक आणि जेन वॉर्डल यांच्या गटानं 2011 मध्ये दाखवलं की नावडती भाजी किंचित चाखल्याबद्दल स्टिकर दिलं, तर चार ते सहा वर्षांची मुलं ती भाजी जास्त खाऊ लागतात आणि आवडही कमी होत नाही. पण तिथे मागणी होती एका कणाची, बक्षीस होतं स्टिकरचं आणि मुलं शाळेत जाणारी होती. दोन वर्षांच्या पोराला चॉकलेटच्या बोलीवर अख्खं संत्रं संपवायला लावणं याला तो प्रयोग आधार देत नाही.

निवड मुलावर सोडली तर ते वाया जाईल, या भीतीचं उत्तर मात्र त्याहून जुनं आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी 1926 पासून नुकतं दूध सुटू लागलेल्या मुलांवर एक धाडसी प्रयोग केला. साध्या, न मिसळलेल्या पदार्थांच्या वाट्या मुलांपुढे ठेवायच्या. त्यात केळी होती, सफरचंदं होती. परिचारिकेनं शेजारी बसायचं, पण काही सुचवायचं नाही, मुलानं बोट दाखवलं किंवा हात घातला तरच भरवायचं. मुलांची ताटं विचित्र असत. एक दिवस एकाच पदार्थावर ताव, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पाहणंही नाही. तरीही ती धष्टपुष्ट वाढली. 1939 च्या लेखात डेव्हिसबाईंनीच सांगितलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, बिस्किट नव्हतं. म्हणजे ताटात काय ठेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं आणि किती खायचं हे लेकरानं. आपण नेमकं उलटं करतो. पुडा त्याच्या हाती देतो आणि घासांची संख्या आपल्या हाती ठेवतो.

रसाचं काय? तेही फळच ना? नाही. तीन संत्र्यांचा रस पोर दोन मिनिटांत पितं. चोथा गाळणीत राहतो, साखर तेवढी पोटात जाते आणि फोड चावायची, गर जिभेनं सोडवायची ओळख होतच नाही. भारतीय बालरोग अकादमी दोन वर्षांखालच्या मुलांना फळांचा रस देऊच नका म्हणते आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला 125 मिलिलिटरची मर्यादा घालते. त्याच अकादमीनं दोन वर्षांखाली मोबाइल, टीव्हीही नको म्हटलं आहे. पडद्याकडे बघत गिळलेल्या घासाची चव लेकराला कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही. शिवाय तसा घास घशात अडकायची भीती असते.

याच घरांत एक दुसरं मतही नांदतं. थंडी पडली की आजी म्हणते, “संत्रं नोको देऊ, सर्दी होते.” केळ्याचं नाव काढलं की कफ. सर्दी विषाणूंनी होते. ती थंडीत वाढते आणि संत्रंही थंडीत येतं, एवढाच दोघांचा संबंध. परंपरेचा दाखला द्यायचा तर काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा आपला प्राचीन ग्रंथ सहाव्या महिन्यात फलप्राशन सांगतो आणि अन्नप्राशन दहाव्या महिन्यात. आजचं शास्त्र सहा महिन्यांनंतर धान्यही लगेच सुरू करायला सांगतं, ते योग्यच आहे. पण आपल्याकडे लहान लेकराला फळ देत नसत, हे म्हणणं त्या ग्रंथापुढे टिकत नाही. या बंदीचा खरा तोटा वेगळा आहे. चाखायच्या दहा-पंधरा संधी हंगामाच्या दोन-तीन महिन्यांतच मिळतात आणि त्या आपण सर्दीच्या नावावर घालवतो. पुढच्या दिवाळीला लेकराला संत्रं पुन्हा अनोळखीच.

मग करायचं काय? सगळे जेवायला बसले की लेकरालाही बसवायचं. संत्र्याची एक फोड घ्यायची. पाठीकडून नखानं चीर द्यायची, पांढरा पापुद्रा सोलायचा, बिया काढायच्या आणि आतला केशरी गर त्याच्या ताटलीत ठेवायचा. दुसरी फोड आपण खायची, त्याच्या समोर, काहीही न बोलता. ते गर चिवडेल, रस कोपरापर्यंत ओघळेल, एखादा कण जिभेवर जाईल आणि चेहरा आंबट होईल. हा चेहरा म्हणजे नकार, असं समजून आपण ताटली उचलतो. खरं तर चव घेणं तेव्हाच सुरू झालेलं असतं. ज्या वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरात हातानं शिकण्याचा विचार देशापुढे मांडला गेला, तिथल्या लेकराचे हात तरी आपण सारखे पुसत बसू नयेत. काळजी एकाच गोष्टीची, घास घशात अडकू नये: जाम, म्हणजे पेरू, बियांचा मधला भाग काढून द्यावा, बोर आणि सीताफळ बी काढून, द्राक्ष उभं चिरून चार भाग करून, सफरचंद किसून किंवा वाफवून. आणि सफरचंदच हवं असं काही नाही. नदीच्या वाळूतलं डांगर (खरबूज), परसातली पपई, सेलूकडचं केळं त्याच्या तोडीस तोड आहे.

सगळ्यात जड आक्षेप शेवटी उरतो. रोजमजुरी करणाऱ्या घरात दहा वेळा नाकारलं जाणारं फळ आणायचं कोणी? अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात केटलिन डॅनियल यांनी 2016 मध्ये हेच नोंदवलं: गरीब आईबाप मूल नाकारेल असा पदार्थ आणतच नाहीत, कारण वाया जाणारा घास त्यांना परवडत नाही. हा दोष आईचा नाही आणि तिला उपदेश करून तो जाणारही नाही. चाखण्याचा खर्च एका घरानं सोसायचा नसतो, तो गावानं वाटून घ्यायचा असतो. बागेत आकारानं लहान म्हणून व्यापारी बाजूला काढतो ती संत्री चवीला कमी नसतात. एका संत्र्यात दहाएक फोडी निघतात. अंगणवाडीत दहा लेकरं ओळीनं बसवून एकेक फोड पुढे ठेवली, तर त्यातल्या सहांनी टाकली तरी कोणाच्या घरचा पैसा बुडत नाही, आणि शेजारचं पोर खाताना पाहून उरलेल्या चौघांत एखादं पाचवं सामील होतं. कारंजा-आष्टीच्या बागाईतदारांनी आणि ग्रामपंचायतींनी हंगामाचे तीन महिने आठवड्याला एक टोपली अंगणवाडीत पाठवायचं ठरवलं, तर त्यासाठी कोणत्या नव्या योजनेची वाट पाहावी लागणार नाही.