खेडचा शिवराम : सोबत्यांच्या आठवणीतला

दरवर्षी २३ मार्च उजाडला की चिंचवडपासून राजगुरुनगरपर्यंत हुतात्म्यांच्या तसबिरींना हार घातले जातात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी हार सुकून जातात. शाळेत शिकवीत असताना आम्ही मुलांना राजगुरू कोण, असे विचारीत असू. ‘भगतसिंगांचे साथीदार’ एवढेच उत्तर येई. उत्तर चूक नव्हते. परंतु शेजारच्याच तालुक्यातील या तरुणाची आपणांस एवढीच ओळख असावी, याची खंत वाटे.

शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी भीमातीरी खेड येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. पुढे संस्कृताध्ययनासाठी ते काशीस गेले आणि तेथेच क्रांतिकारकांच्या संपर्कात येऊन चंद्रशेखर आझादांच्या सेनेत दाखल झाले. ‘हिंदुस्थान सोशॅलिस्ट रिपब्लिकन’ या नावापुढे ‘सेना’ हा शब्द त्या मंडळींनी शोभेसाठी जोडलेला नव्हता. ते स्वतःस सैनिकच समजत. लाला लजपतराय यांच्या मृत्यूनंतर १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरास साँडर्सवर पहिली गोळी राजगुरूंनीच झाडली.

हा झाला इतिहासग्रंथांतील राजगुरू. त्यांचे सोबती मात्र निराळाच राजगुरू सांगतात. शिव वर्मा हे त्याच खटल्यात जन्मठेप भोगलेले क्रांतिकारक. त्यांना दीर्घायुष्य लाभले आणि अकाली गेलेल्या मित्रांच्या आठवणी त्यांनी हिंदीत लिहून ठेविल्या. त्या आठवणींतील राजगुरू मोठे झोपाळू. उभ्या उभ्याही त्यांस डुलकी लागे आणि सारे त्यांची थट्टा करीत. पोलिसांचा छळ आपणांस सोसवेल की नाही हे अजमाविण्यासाठी त्यांनी तापविलेला चिमटा स्वतःच्या छातीस लावून पाहिला होता, अशीही हकीकत सोबत्यांनी सांगितली आहे. मरणाच्या बाबतीत भगतसिंगांनी आपल्या पुढे जाऊ नये, हाच काय तो त्यांचा मत्सर!

एक आठवण तर डोळ्यांत पाणी आणते. साँडर्सवधानंतर लाहोराहून निसटताना भगतसिंग साहेबाच्या वेषात होते, दुर्गाभाभी कडेवर मूल घेऊन पत्नीच्या भूमिकेत, आणि राजगुरू सामान वाहणारे नोकर. पुढे ३० सप्टेंबर १९२९ रोजी पुण्यात राजगुरूंना अटक झाली. तुरुंगातील उपोषणात त्यांची प्रकृती ढासळली, तेव्हा भगतसिंगांनी दुधाचा पेला पुढे करून, आमच्या आधी पळून जातोस काय, असे विचारले. राजगुरू म्हणाले, तुमच्यासाठी पुढे जाऊन खोली ठरवावी म्हटले. पण नोकरावाचून तुमचा प्रवास होणार नाही, असे दिसते. यापुढे तुझ्या डोक्यावर पेटी देणार नाही, असे भगतसिंगांनी वचन दिले आणि दोघेही हसले. मृत्यू दाराशी उभा असताना असा विनोद जिवलग मित्रांनाच सुचतो.

आम्हांस युद्धकैदी समजून फाशीऐवजी गोळ्या घालाव्यात, अशी मागणी भगतसिंग, सुखदेव व राजगुरू यांनी सरकारकडे केली. ती मान्य झाली नाही. २३ मार्च १९३१ रोजी तिघांना लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात फाशी देण्यात आले. राजगुरू अवघे २२ वर्षांचे होते. सतलजकाठी हुसैनीवाला येथे तिघांचे एकत्र दहन झाले. फाळणीनंतर ती भूमी पाकिस्तानात राहिली होती. १९६१ मध्ये काही गावांच्या मोबदल्यात भारताने ती परत मिळविली.

आता ज्ञातिबांधवांस एक नम्र विनंती. आपल्या स्मरणिकेत आपल्याच ज्ञातीतील थोरांची चरित्रे येतात, ते योग्यच आहे. परंतु हुतात्म्यांची ज्ञातवार वाटणी होऊ लागली आहे, ती मनास पटत नाही. पंजाबचा भगतसिंग, संयुक्त प्रांताचा शिव वर्मा, बंगालचा जतींद्रनाथ दास आणि खेडचा शिवराम एका ताटात जेवले. भगतसिंग, सुखदेव व राजगुरू यांच्या चितेची राखही निराळी करता आली नाही. खेडचा मुलगा एके काळी काशीस गेला. आज काशीकडची मुले चाकणच्या कारखान्यांत कामास येतात आणि आपल्याच आळीत भाड्याने राहतात. त्यांना परके लेखणाऱ्याने राजगुरूंच्या तसबिरीस हार घालून काय साधले?

राजगुरुनगर येथे भीमेकाठी राजगुरूंचा वाडा आहे. येत्या सुटीत प्रत्येक कुटुंबाने मुलांस तेथे न्यावे, आणि जमल्यास शेजारच्या परप्रांतीय मुलासही सोबत घ्यावे, एवढीच आमची इच्छा.